दत्तूचे वडील : ‘स्मृतिचित्रे’तील पितृत्व आणि श्रद्धा

नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यात १८९३च्या सुमारास नारायण वामन टिळक यांना एक युरोपीय प्रवासी भेटला, त्याने त्यांच्याशी काव्याविषयी आणि धर्माविषयी बोलणे काढले आणि निरोप घेताना बायबलची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली, ही हकीकत मराठी वाचकाला ठाऊक आहे. दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्या प्रवाशाने केले होते म्हणतात. टिळकचरित्रात या प्रसंगाला जवळजवळ आख्यायिकेचे स्थान मिळाले आहे. हे लिहिणारा ज्या उतई गावी राहतो, ते दुर्ग जिल्ह्यातले गाव त्याच लोहमार्गाच्या बाजूला, भिलाईच्या पोलाद कारखान्यापासून जवळ आहे, आणि राजनांदगाव येथून गाडीने फार तर तासाभराच्या वाटेवर. आमच्या या भागात राजनांदगाव म्हटले की साहित्याच्या विद्यार्थ्याला गजानन माधव मुक्तिबोध आठवतात. घरची मराठी आणि लेखणीची हिंदी घेऊन ते १९५८ मध्ये तेथील दिग्विजय महाविद्यालयात आले. त्यांच्या आधी साठ-पासष्ट वर्षे एक मराठी कवी नोकरीच्या निमित्ताने याच संस्थानात येऊन गेला आणि येताना वाटेत त्याच्या आयुष्याने वळण घेतले, हे येथे फारसे कोणी बोलत नाही.

या प्रसंगाचे वर्णन करताना चरित्रकार डब्यात दोनच माणसे पाहतात : एक शोधक आणि एक मार्गदर्शक. परंतु डब्यातील तो शोधक तेव्हा बत्तिशीच्या आसपासचा गृहस्थ होता. त्याची पत्नी होती, लहान मुलगा होता, याआधी दगावलेल्या अपत्यांचे दुःख त्या घरात होते. त्याच्या हाती आलेले पुस्तक हे त्याच्या एकट्याच्या हाती आलेले नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे वाचन या दिशेने केले तर त्या ग्रंथाचा एक असा चेहरा दिसू लागतो की ज्याकडे आपल्या समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘स्मृतिचित्रे’ हे पत्नीने लिहिलेले पतीचे चित्र आहे, हे आपण मानतोच. ते एका पित्याचेही चित्र आहे, आणि ते त्याच्या मुलासाठी काढलेले आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

टिळकांपूर्वीच्या मराठी ख्रिस्ती आत्मकथनांत धर्मांतर करणारा बहुधा मुलगा असतो. बाबा पदमनजी (जन्म १८३१) यांनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यातील ताण हा वडिलांच्या घरातून बाहेर पडणाऱ्या तरुणाचा ताण आहे. त्याही आधी, १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती याच्यावरून जो खटला उभा राहिला, त्यात न्यायालयाने तो अल्पवयीन मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही यावर मोठे वादळ झाले आणि बाळशास्त्री जांभेकरांनी परत घेण्याची बाजू लावून धरली. या सगळ्या कथांत बाप हा जुन्या धर्माच्या बाजूला उभा असतो. नवा धर्म म्हणजे बापाचे घर सोडणे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या स्वतः आई होत्या, म्हणून त्यांची कथा या साच्यात बसत नाही. पण त्यांच्या घरात पती हयात नव्हता, आणि मुलीवर कोणाचा हक्क, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला तो आश्रय देणाऱ्या संस्थेच्या आणि आईच्या दरम्यान. टिळकांच्या बाबतीत मात्र ज्याने घर सोडले तोच बाप आहे. मुलगा जुन्या घरात राहिला आहे. मराठी वाङ्मयात ही स्थिती इतक्या तपशिलाने प्रथमच आली, आणि ती सांगितली मागे राहिलेल्या स्त्रीने.

ग्रंथाच्या जन्माची हकीकत येथे महत्त्वाची ठरते. देवदत्त नारायण टिळक यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आठवणी लिहून द्याव्यात, असे त्यांनी आईला सुचवले आणि त्या आठवणींतून १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध झाले. म्हणजे मुळात हे एका प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न मुलाचा आहे : माझे वडील कसे होते? वाचकांसमोर ठेवलेल्या पुस्तकात ‘दत्तू’ हे तृतीयपुरुषी पात्र होऊन वावरतो. परंतु लिहिणारीच्या समोर बसलेला पहिला श्रोता तोच आहे. लक्ष्मीबाईंच्या शैलीतील ज्या बोलीपणाची, घरगुती लयीची आपण वर्षानुवर्षे प्रशंसा करीत आलो, तिचे एक कारण या श्रोत्यात शोधावे असे मला वाटते. आई मुलाला त्याच्या बापाविषयी सांगते तेव्हा तिला खोटे बोलता येत नाही, कारण मुलाने अर्धे पाहिलेलेच असते. आणि सगळेच कठोर सत्यही सांगता येत नाही, कारण तो त्याचा बाप असतो. ‘स्मृतिचित्रे’चा सुप्रसिद्ध विनोद या दोन अशक्यतांच्या फटीतून जन्मलेला आहे. त्याला केवळ लेखिकेच्या स्वभावाचा गुण मानणे म्हणजे तो अर्धाच वाचणे होय.

हा ग्रंथ टिळकांपासून सुरू होत नाही. तो सुरू होतो लक्ष्मीबाईंच्या वडिलांपासून. त्यांच्या आजोबांना १८५७च्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या आघातानंतर वडिलांच्या मनात विटाळाची अशी धास्ती बसली की पुढचे सारे आयुष्य त्यांनी सोवळ्याच्या पहाऱ्यात काढले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे, आणि या धुण्याचा जाच घरातल्या बायकामुलांनी सोसावयाचा. लक्ष्मीबाई हे सांगताना वाचकाला हसवतात, पण त्या हसण्याखाली असलेले निरीक्षण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पुरुषाच्या धर्माचा खर्च घर भरते, हे त्या पहिल्याच प्रकरणात दाखवून ठेवतात. पुढे सासऱ्यांचे चित्र येते. वामनराव टिळक हे कोपिष्ट गृहस्थ. त्यांच्याविषयीच्या कडवट आठवणी घेऊनच नारायण आईच्या मृत्यूनंतर घर सोडून नाशिकला गेला. ज्या मुलाला बापाचे घर सोडावे लागले, तोच पुढे बाप होऊन घर सोडतो. लक्ष्मीबाई ही संगती कोठेही उघड करून दाखवीत नाहीत. त्यांनी ती मांडणीतच ठेवली आहे, आणि टिळकांच्या धर्मांतराचा भाग वाचताना हे दोन बाप पाठीमागे उभे असल्याची जाणीव ठेवली नाही तर त्या भागाचे वजन हाती लागत नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बातमी पोहोचली तेव्हा घरात जो हाहाकार उडाला त्याचे वर्णन मराठी गद्यातील श्रेष्ठ वर्णनांत गणले जाते आणि ते योग्यच आहे. माझे लक्ष त्यानंतरच्या काळाकडे आहे. पुढची जवळजवळ पाच वर्षे लक्ष्मीबाई आणि दत्तू टिळकांपासून वेगळे राहिले. माहेरच्या, बहिणीच्या आधाराने. या काळात कायद्याची स्थिती काय होती, याचा विचार ‘स्मृतिचित्रे’च्या समीक्षकांनी सहसा केलेला नाही. १८५०च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलल्यामुळे माणसाचे हक्क जाऊ नयेत अशी तरतूद झाली होती. १८९०च्या पालकविषयक कायद्याप्रमाणे, बाप हयात असून अपात्र ठरलेला नसेल तर अल्पवयीन मुलासाठी दुसरा पालक नेमण्याचा मार्ग बंद होता. दत्तूवर टिळकांचा हक्क होता, आणि तो ते न्यायालयात मागू शकले असते. १८४३ मध्ये ज्या तत्त्वाने श्रीपती हिंदू बापाकडे परत गेला, त्याच तत्त्वाने दत्तू ख्रिस्ती बापाकडे गेला असता. एवढेच नव्हे, धर्मांतरितांच्या विवाहासंबंधी १८६६चा जो कायदा होता, त्यानुसार धर्म बदलल्याच्या कारणाने सहा महिने सोडून राहिलेल्या जोडीदाराविरुद्ध दाद मागून अखेर विवाह मोडून घेण्याचीही सोय टिळकांना उपलब्ध होती. (पुढे स्वतंत्र भारतात १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने, हिंदू न राहिलेल्या पालकाला त्या कायद्याखालील नैसर्गिक पालकत्वास अपात्र ठरवून, पारडे अगदी उलट बाजूला टाकले. बापाच्या श्रद्धेचा आणि मुलावरील हक्काचा हा हिशेब आपल्याकडे कधीच सरळ नव्हता.)

टिळकांनी दोन्ही मार्ग घेतले नाहीत. त्यांनी पत्रे लिहिली आणि वाट पाहिली. या वाट पाहण्याला भक्तांनी संतपदाचा रंग दिला आहे, तर काही वाचकांना त्यात नुसता हतबलपणा दिसतो. माझ्या मते लक्ष्मीबाईंचा ग्रंथ दोन्ही अर्थ नाकारतो. टिळक उतावळे होते, एका वृत्तीवरून दुसऱ्या वृत्तीवर झेप घेणारे होते, नोकऱ्या धरीत आणि सोडीत होते. संयम हा त्यांच्या स्वभावाचा गुण म्हणून ग्रंथात कोठेच येत नाही. असा माणूस एका ठिकाणी पाच वर्षे थांबतो, आणि जेथे कायदा त्याच्या बाजूचा आहे नेमके तेथेच थांबतो. त्याची नवी श्रद्धा त्याच्या वागण्यात प्रथम कोठे दिसली असेल तर ती येथे. प्रवचनात किंवा पदांत ती पुढे पुष्कळ दिसली. पण ती स्वभावाला सोपी जाणारी ठिकाणे होती.

लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या तेव्हाही त्यांनी आपले सोवळे, आपला स्वयंपाक आणि आपले देव सोडले नव्हते. ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात ब्राह्मणी चूल वेगळी पेटत होती. मिशनच्या आवारातील लोकांना ते कसे दिसले असेल याची कल्पना करावी. ज्या बापाच्या घरात धुतल्याशिवाय काही आत येत नव्हते, त्याची मुलगी आता अशा घरात आली की जेथे तिचे धुणेपुसणे तिच्या मर्जीवर सोडलेले आहे. जातिभेद देवाने केलेला नाही, हा निर्णय पुढे त्यांनी स्वतःशी विचार करता करता घेतला आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्याची तयारी केली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. हा क्रम फार बोलका आहे. धर्म बदलण्यापूर्वी सोवळे गेले, आणि ते कोणी काढून घेतले नाही. दत्तूने लहानपणी जे पाहिले ते हे : एकाच छपराखाली दोन चुली, आणि त्यांतली एक विझवण्याची घाई न करणारा बाप.

येथवर आल्यावर टिळकांना आदर्श पिता ठरवून मोकळे होण्याचा मोह पडतो. तो ग्रंथच पडू देत नाही. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. मागणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येत नसे. घरात पाहुणे, अनाथ मुले, विद्यार्थी, अर्ध्यावर सोडलेल्या योजना यांची गर्दी. आणि या औदार्याचा पुरवठा लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरातून व्हावयाचा. वडिलांच्या सोवळ्याचा खर्च घराने उचलला होता. पतीच्या परोपकाराचा खर्चही घरानेच उचलला. लक्ष्मीबाईंनी हे दोन खर्च एका तराजूत घातलेले नाहीत, परंतु दोन्ही त्यांनी पैशा-आण्यांसह लिहून ठेवले आहेत. टिळकांचे पितृत्व घराबाहेर जितके पसरत गेले तितके ते घरात पातळ झाले काय, हा प्रश्न दत्तूला विचारता आला असता. पुस्तकात तो विचारला जात नाही. तो विचारला जाऊ नये म्हणून आई जेथे हसवते, अशा जागा मात्र वाचकाला खुणा करून ठेवता येतील. विद्यार्थ्यांनी हा उद्योग एकदा जरूर करून पाहावा : ‘स्मृतिचित्रे’त विनोद नेमका कोठे येतो, याची नोंद. बहुतेक वेळा तो पैसे संपल्याच्या, जेवण वाढवावे लागल्याच्या किंवा टिळक अचानक निघून गेल्याच्या आसपास येतो.

या विस्तारलेल्या घरातले सर्वांत प्रसिद्ध मूल म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, आपले बालकवी. १९०७च्या जळगाव येथील कविसंमेलनात हा सतरा वर्षांचा मुलगा गाजला आणि त्यानंतर टिळकांनी त्याला आपल्या घरी नगरला आणले. बालकवी आणि दत्तू यांच्या वयांत फारसे अंतर नव्हते. लक्ष्मीबाईंनी या पोराचे जे चित्र काढले आहे, त्यातला हूडपणा, हळवेपणा आणि हट्ट यांमुळे बालकवींच्या कोणत्याही चरित्रकाराला त्यावाचून पुढे जाता येत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली गोष्ट एवढीच की, हा मुलगा ख्रिस्ती घरात मुलासारखा राहिला आणि ख्रिस्ती झाला नाही. टिळक धर्मोपदेशक होते. १९०४ पासून त्यांना ‘रेव्हरंड’ ही पदवी होती. ज्याच्या प्रतिभेवर त्यांचे निरतिशय प्रेम, तो मुलगा रोज पानाला बसत होता. बाहेरच्या मराठी समाजात मिशनऱ्यांविषयी संशय भरलेला होता. अशा वेळी कवी घडवण्याचे काम आणि माणूस वळवण्याचे काम टिळकांनी वेगळे ठेवले, निदान त्या मुलाला ते वेगळे वाटावे इतके तरी. १९१८च्या मे महिन्यात भादलीजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले. वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी टिळकही गेले.

मराठी वाचकाने टिळकांचे दोन तुकडे करून ठेवले आहेत. एक पाठ्यपुस्तकातला : ‘केवढे हे क्रौर्य’ आणि ‘वनवासी फूल’ लिहिणारा, फुलामुलांचा कवी, ज्याच्या नावामागील ‘रेव्हरंड’चा अर्थ मास्तर फारसा सांगत नाहीत. दुसरा उपासनेच्या पुस्तकातला, ज्याची शेकडो पदे मराठी ख्रिस्ती मंडळ्या आजही गातात आणि ज्याची फुले-पाखरे तेथे फारशी कोणाला आठवत नाहीत. धर्मनिरपेक्ष साहित्यव्यवहाराने पहिला ठेवून घेतला, मंडळीने दुसरा. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हे दोघे वेगळे काढताच येत नाहीत, कारण घरात ते एकच होते. जखमी होऊन पिलांपाशी परतणाऱ्या पक्षिणीची कविता लिहिणारा आणि पंक्तीला आणखी एक अनाथ मूल घेऊन येणारा माणूस एकच आहे. त्याची श्रद्धा त्याच्या कवितेत नावानिशी आली नाही तेथेही ती होती. आणि नावानिशी आली तेथे ती तुकारामाच्या छंदात आली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत.

त्या पुलाचा एक परिणाम पितृत्वाच्या कल्पनेवर झाला आहे, आणि ‘अभंगांजली’च्या अभ्यासकांनी तो अधिक तपासावा. ख्रिस्ती धर्मशास्त्रात ईश्वर हा पिता आहे. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेची सुरुवात त्याच शब्दाने होते. परंतु वारकरी परंपरेत वाढलेल्या कानाला देव ही माउली असते. विठोबा विठाई होतो, ज्ञानेश्वर माउली होतात. टिळकांच्या भक्तिकाव्यात ख्रिस्तही गुरुमाउली होऊन येतो. हे केवळ देशी पोशाख चढवणे नव्हे. पिता या शब्दाला टिळकांच्या स्वतःच्या आयुष्यात वामनरावांचा आवाज होता. देवाला हाक मारताना त्यांनी आईचा शब्द घेतला, आणि ज्या जानकीबाईंच्या मृत्यूनंतर ते घराबाहेर पडले होते त्यांच्यापाशी त्या शब्दाचे मूळ शोधणे फारसे चुकीचे होऊ नये. एवढे मात्र खरे की मुलावर हक्क न सांगता त्याची वाट पाहणे, हे आपल्या परंपरेत बापापेक्षा आईचे लक्षण मानले गेले आहे.

टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर ओवीबद्ध महाकाव्य लिहावयास घेतले होते. ‘ख्रिस्तायन’चे सुरुवातीचे अध्याय तेवढे त्यांच्या हातून झाले. ज्यांना लग्नानंतर अक्षर गिरवावे लागले त्या लक्ष्मीबाईंनी ते काम पुढे नेले आणि त्याचा बहुतांश भाग त्यांचा आहे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या तेव्हा अखेरचा अध्याय राहिला होता. तो देवदत्तांनी लिहिला आणि १९३८ मध्ये ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झाले. काव्य म्हणून ते सर्वत्र सारख्या उंचीचे नाही, आणि तीन हातांचे सांधे त्यात दिसतात. ते झाकण्याचा प्रयत्नही कोणी केलेला नाही. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भागही असाच, आईच्या मृत्यूमुळे मुलाला पुरा करावा लागला. नंतर त्यांचे पुत्र अशोक देवदत्त टिळक यांनी आजीच्या ग्रंथाची साक्षेपी आवृत्ती तयार करताना तिच्या स्मरणातील चुका, तारखांचे घोळ आणि गाळलेल्या जागा तपासून दुरुस्त केल्या, आणि त्यामुळे आजोबांविषयीच्या काही लाडक्या आख्यायिकांनाही धक्का लागला.

देवदत्तांनी ज्यासाठी आईकडे आठवणी मागितल्या होत्या, ते वडिलांचे चरित्र मराठी वाचकाने ओळखावे अशा रूपात त्यांच्या हातून उभे राहिले नाही. १९६० साली त्यांनी पंडिता रमाबाईंचे मोठे चरित्र प्रसिद्ध केले, आईच्या ग्रंथाच्या आवृत्त्या सांभाळल्या, साहित्य अकादेमीसाठी तिची संक्षिप्त आवृत्ती सिद्ध केली. वडिलांविषयी जे सांगावयाचे ते आईने सांगून ठेवले होते.